चित्राचा फोटो, शिल्पाचा फोटो: नोंद कुठे संपते?

प्रश्न थोडक्यात असा. लातूरचे एक छायाचित्रकार आसपासच्या चित्रकार-शिल्पकारांच्या कामाचे फोटो काढून देतात. वेरूळच्या शिल्पांचे त्यांचे फोटो एका स्पर्धेत ‘ही नुसती नोंद झाली, कला तर शिल्पकाराची’ असं म्हणून बाजूला काढले गेले. त्याच सुमारास एका चित्रकाराने उलटी तक्रार केली, की तुम्ही माझ्या चित्राचे रंगच बदलून टाकलेत. एकाला फोटोत छायाचित्रकार दिसत नाही, दुसऱ्याला तो नको तेवढा दिसतो. मग कलाकृतीचा फोटो नोंद म्हणायचा की कला, असं या छायाचित्रकारांनी विचारलंय. हे उत्तर त्यांनाच.

दोन्ही तक्रारींना एकच माप लावून बघा. त्याच कलाकृतीसमोर दुसरा जाणकार उभा केला आणि त्याला तेच नियम दिले, तर तो तोच फोटो आणेल का? आणणार असेल तर ती नोंद. वेगळा आणणार असेल तर त्यात तुमचा निर्णय आहे आणि त्याची जबाबदारीही तुमचीच. सपाट चित्राच्या बाबतीत नोंद जवळजवळ पूर्ण साधते. शिल्पाच्या बाबतीत ती तशी साधतच नाही. त्यामुळे परीक्षकांनी दिलेलं कारण टिकत नाही. चित्रकाराचं म्हणणं मात्र बहुतेक खरं असणार.

आधी चित्रकाराकडे वळू, कारण तिथे उपाय हातात आहे. आपल्याकडे चित्र अंगणात किंवा गच्चीवर आणून सावलीत भिंतीला टेकवतात आणि फोटो काढतात. थेट ऊन नाही म्हणजे उजेड चांगला, असा समज. पण सावलीत उतरणारा उजेड निळ्या आभाळाचा असतो. त्याचं कलर टेम्परेचर, म्हणजे उजेड तांबूस की निळसर याचं माप, ७००० केल्व्हिनच्याही वर जातं; आकडा वाढला की उजेड निळसर. डोक्यावर लिंबाचं झाड असलं की वरून हिरवट छटा, शेजारी विटकरी रंगाची भिंत असली की त्या बाजूने तांबूस. एकाच चित्रावर तीन रंगांचे उजेड पडलेले असतात आणि व्हाइट बॅलन्सचा (पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्याला दिलेला) आकडा एकच असतो. मधला भाग बरोबर केला की कडा बिघडतात. खोलीत खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले तरी हेच होतं. म्हणून पहिला नियम: उजेडाचा प्रकार एकच. खिडकी झाका, खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि फक्त तुमचे दोन दिवे लावा.

हे दोन्ही दिवे एकाच जातीचे, एकाच खरेदीतले हवेत, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप) ९५ च्या वरचे. चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत आणि चित्राच्या रुंदीच्या किमान दीडपट अंतरावर ठेवा. मग एक पेन्सिल चित्राच्या मधोमध, पृष्ठभागाला न टेकवता, काटकोनात धरा. दोन्हीकडच्या सावल्या सारख्या लांबीच्या आणि सारख्या गडद असल्या म्हणजे दिवे जुळले. मोठ्या चित्राला एवढ्यावर भागत नाही. चित्राएवढा पांढरा ड्रॉइंग पेपर त्याच जागी लावून एक फोटो घ्या आणि कॉम्प्युटरवर मध्य व चारही कोपरे मोजा. ० ते २५५ च्या पट्टीवर चार-पाच आकड्यांहून जास्त फरक आला तर दिवे आणखी मागे न्या. या चाचणीला दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी ती क्वचितच कुणी करतं. मग एका बाजूने अंधारलेला कॅनव्हास फोटोशॉपमध्ये अंदाजपंचे उजळला जातो, आणि चित्रकाराने मुद्दाम ठेवलेला छायाभेदही त्यात पुसला जातो.

कॅमेरा समांतर आहे का, हे नुसत्या नजरेने ठरवू नका. चित्र लावण्याआधी त्याच जागी, त्याच पातळीत एक पाटी ठेवून तिच्यावर छोटा सपाट आरसा टेकवा. फ्रेमच्या बरोबर मधोमध लेन्सला स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की काटकोन जमला. लेन्स ५० मिमीपेक्षा कमी नको. तीन बाय चार फुटांचं चित्र फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमीने घ्यायला सुमारे दोन मीटर अंतर लागतं, १०० मिमीने चार. दहा बाय बाराच्या खोलीत पहिलाच पर्याय खरा. आयएसओ १००, एफ/८, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), दोन सेकंदांचा टायमर. एफ/१६ च्या पलीकडे डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने, कुंचल्याची रेष मऊ पडते. स्वस्त एलईडीखाली फ्रेमवर आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/२५ करा, बहुतेक वेळा ते जातात. पहिल्या फ्रेममध्ये चित्राशेजारी चोवीस चौकोनांचा कलर चार्ट हवाच. तो नसेल तर पुढची रंगदुरुस्ती म्हणजे आठवणीवर चाललेलं काम.

चार्ट असूनही रंग चुकतो, आणि तुमच्या चित्रकाराची तक्रार बहुधा इथलीच असावी. कोबाल्ट निळ्यासारखी काही रंगद्रव्यं वर्णपटाच्या लाल टोकाला, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या भागातही प्रकाश परत पाठवतात. आपल्याला तो जाणवत नाही, सेन्सरला जाणवतो. मग निळं आभाळ फोटोत जांभळट येतं. फ्लुओरोसंट अ‍ॅक्रिलिक गुलाबी आणि नारिंगीचीही वेगळी गोम आहे. ते छपाईच्या आणि पडद्याच्या आवाक्याबाहेरचे असतात, कितीही केलं तरी फोटोत फिके पडतात. अशा वेळी मूळ चित्र शेजारी ठेवून, त्याच दिव्याखाली, तेवढाच रंग हाताने दुरुस्त करायचा. ‘निळा हाताने सुधारला’ असं फाइलसोबत लिहून ठेवायचं आणि चित्रकाराला आधीच सांगायचं. न सांगता केलेली दुरुस्ती आणि न सांगता राहिलेली चूक, दोन्ही त्याला सारख्याच दिसतात.

वार्निश केलेल्या तैलचित्राला क्रॉस पोलरायझेशन, म्हणजे दिवे आणि लेन्स दोन्हींवर चमक अडवणारे फिल्टर, लागतं. दोन्ही दिव्यांवर एकाच दिशेला पोलरायझिंग शीट, लेन्सवर पोलरायझर, तो फिरवत चमक नाहीशी होईपर्यंत न्यायचा. यात उजेड दोन स्टॉपहून जास्त घटतो (दर स्टॉपला निम्मा), म्हणून ट्रायपॉड पक्का हवा. पण चमक पूर्ण मारली की सुरीने थापलेला जाड रंगही सपाट दिसतो, काळे खोल होतात, रंग भडक होतात, आणि कॅनव्हास छापील पोस्टरसारखा भासतो. म्हणून दोन फ्रेम घ्या: एक पूर्ण पोलराइझ केलेली, एक चमक थोडी राखलेली. कोणती ‘मुख्य’ धरायची हे चित्रकाराला विचारा. तुमच्या मताने ठरवलंत की नोंदीत तुम्ही शिरलात.

मोबाइलबद्दल थोडक्यात. मुख्य लेन्स वाइड असते, म्हणून जवळून घेतलं की चौकट फुगते. मागे सरकून २एक्स वापरा. त्यातलं आपोआप होणारं एचडीआर (उजळ-गडद भाग सारखे करणं) आणि शार्पनिंग मात्र नोंदीच्या मुळावर येतं, कारण सावल्या उपसून वर आणायचा निर्णय फोन स्वतःच घेतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायला चालेल, कॅटलॉगला नाही.

कॅटलॉगचं गणितही आधीच मांडा. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे लांब बाजूला ६००० पिक्सेल. चार फुटांच्या, म्हणजे ४८ इंचांच्या चित्राला इंचामागे १२५ च येतात. मूळ आकारात ३०० हवे असतील तर १४,४०० लागतील. तेव्हा चित्र तुकड्यांत घ्या, दोन तुकड्यांत तीस टक्के भाग सामाईक ठेवा आणि जोडा. कॅमेरा फिरवायचा नाही, चित्राला समांतर सरकवायचा. फिरवलात तर जोड बसतो, पण सरळ रेषा वाकतात.

इतकी शिस्त पाळली तरी ‘खरा रंग’ कुठला, हा प्रश्न उरतोच. अजिंठ्याइतकं त्याचं दुसरं ठळक उदाहरण नाही. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या तैलरंगातल्या प्रती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या त्या प्रती १८६६ च्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा प्रती केल्या, आणि त्यातल्याही बऱ्याच लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. त्यातून वाचलेल्या प्रती आज संग्रहालयात स्वतःच चित्रं म्हणून जपल्या जातात, केल्या होत्या मात्र नोंद म्हणून. पुढे निजाम सरकारने १९२० नंतर चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी चित्रं भिंतीला पक्की केली, पण वर चढवलेला शेलॅकचा (लाखेचा) लेप पुढे पिवळा पडत गेला. म्हणजे तिथल्या प्रसिद्ध पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राचा लेप चढण्याआधीचा रंग, लेपाखालचा रंग आणि लेप काढल्यावरचा रंग हे तिन्ही आपापल्या काळी खरेच. तारीख नसलेला फोटो अशा ठिकाणी पुरावा म्हणून निकामी.

तिथे आज फोटो घेताना चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते. हातात कॅमेरा धरून एफ/२.८, १/१५, आयएसओ ३२०० च्या आसपास काम करायचं. व्हाइट बॅलन्स आत लावलेल्या दिव्याखाली पांढरं कार्ड धरून घ्यायचा. बाहेरच्या उन्हात घेतलेला आत काही कामाचा नाही. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ, हे जाण्याआधी लक्षात असू द्या.

आता शिल्प. दगड सपाट नाही, म्हणून दिवा कुठे आणि तुम्ही कुठे, या दोन गोष्टी ठरवल्याशिवाय फोटोच होत नाही, आणि त्या मूर्तीने ठरवलेल्या नसतात. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी आतले चेहरे सपाट करडे दिसतात, दुपार कलली की ऊन तिरकं आत शिरतं आणि त्याच चेहऱ्यावर ओठ उमटतात. कैलास लेण्यात रावण पर्वत हलवतो ते शिल्प घ्या. रावण खोल कोरलेल्या पोकळीत आहे आणि त्याचे हात दगडापासून सुटे होऊन बाहेर येतात. सावली उजळून घेतली तर प्रत्येक हात मोजता येतो, पण पर्वताचं ओझं जातं. सावली काळी ठेवली तर ओझं राहतं आणि मागचे हात अंधारात बुडतात. अभ्यासकाला पहिला फोटो हवा, पाहणाऱ्याला दुसरा. दोन्ही खरे आहेत, पण एकाच क्लिकमध्ये दोन्ही मिळत नाहीत. परीक्षकांनी ‘नुसती नोंद’ म्हटलं तेव्हा हा फरक त्यांच्या ध्यानात आला नसावा. किंवा तुमचे फोटोच पहिल्या प्रकारचे होते, तेही शक्य आहे. ते बघून ठरवा.

शिल्पाची नोंद करायची तर एकच सुंदर फोटो नको, संच हवा. समोरून, दोन्ही बाजूंनी, शक्य असेल तिथे मागून, दोन पाऊणबाजू, हात-आयुधं-पादपीठ जवळून, आणि किमान एका फ्रेममध्ये मोजपट्टी. त्रिमिती मॉडेल करायचं असेल तर भोवती फिरत, दोन फ्रेममध्ये साठ ते ऐंशी टक्के भाग सामाईक ठेवा. फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा उजेड बदलतो आणि जोडणीत दगडावर ठिगळं दिसतात.

गावोगावच्या वीरगळांना आणि शेंदूर लावलेल्या मूर्तींना निराळी काळजी लागते. शेंदराने लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगाची नोंद मर्यादेबाहेर जाऊन तपशील उडतो. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटपाचा आलेख) ठीक दिसतो, पण मूर्तीचे नाक-डोळे लाल डागात विरतात. लाल चॅनलचा हिस्टोग्राम वेगळा बघा आणि एक ते दीड स्टॉप कमी एक्स्पोज करा. शेंदराखालचं कोरीव काम हवं असेल तर दिवा एका बाजूने, पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांत ठेवा. शिलालेखालाही हेच, फक्त चारही दिशांनी एकेक फ्रेम घ्या. एका दिशेने बुजलेली मात्रा दुसऱ्या दिशेने उठते. शेंदूर खरवडायचा नाही, पाणी ओतायचं नाही, अक्षरांत खडू भरायचा नाही. खडू भरला की अक्षर तुम्ही वाचलेलं उमटतं, कोरलेलं नाही.

संभाजीनगरच्या बिदरी कामात अडचण नेमकी उलटी. जस्तात थोडं तांबं घातलेला धातू नवसागर मिसळलेल्या मातीने काळा होतो, वर ठोकलेली चांदीची तार पांढरी राहते. सरळ दिवा मारला तर चांदी पांढरीफटक होते नाहीतर काळी पडते, कारण ती आरशासारखी समोर जे असेल ते दाखवते. भांड्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू करा, दिवे बाहेरून त्या कागदावर मारा, म्हणजे चांदीत कागदाचा पांढरा उतरेल. भांडं गोल असेल तर एका कडेला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवा, नाहीतर गोलाई हरवते. लेन्सचा काळा ठिपका भांड्यात दिसतोच. तो नक्षीवर न येता काळ्या धातूवर येईल अशा बेताने कॅमेरा सरकवा.

पैठणीत जर (सोनेरी-रुपेरी तार) आणि रेशीम यांना एकाच दिव्यात न्याय मिळत नाही. उजेड एका दिशेने आला तर जर काळपट पडते, दुसऱ्या दिशेने आला तर चमकते, आणि धूपछांव (दोन रंगांच्या धाग्यांच्या) रेशमाचा रंग दोन्ही वेळा वेगळा दिसतो. म्हणून नोंदीला दोन दिशांच्या दोन फ्रेम. शिवाय पदराची उलटी बाजू घ्याच. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. हा पुरावा समोरून काढलेल्या देखण्या फोटोत कधीच येत नाही. बारीक विणीवर मॉयरेचे (वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांत अडकून येणारे) इंद्रधनुषी पट्टे आले तर कॅमेरा थोडा पुढे-मागे करा. सॉफ्टवेअरने पुसायला गेलात तर विणीचा पोतही जातो.

फोटो कला कधी होतो, याला वेगळी परीक्षा नाही. वर म्हटलेला निर्णय फोटोचा विषय झाला की होतो. मार्सेल द्युशां या कलाकाराचं ‘फाउंटन’, म्हणजे कलाकृती म्हणून मांडलेलं मुतारीचं भांडं, १९१७ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लित्झने टिपलं, पुढे मूळ वस्तू हरवली, आणि आज जग त्या कलाकृतीला ओळखतं ते त्या फोटोमुळे. नोंदच मूळाच्या जागी जाऊन बसली. छायाचित्रकार मॅन रेने १९२० मध्ये त्याच द्युशांच्या ‘लार्ज ग्लास’ या काचेच्या कलाकृतीवर साचलेल्या धुळीचा फोटो लांब एक्स्पोजर देऊन घेतला. त्यात काच ओळखूही येत नाही, विमानातून दिसणारी ओसाड जमीन वाटते. काच कशी आहे हे सांगायला तो फोटो अगदीच कुचकामी, आणि म्हणूनच तो मॅन रेचा. वेरूळला तुम्हाला हेच करायचं असेल तर लेण्याच्या तोंडाशी पत्रा किंवा आरसा धरून उन्हाचा कवडसा आत टाकायची जुनी युक्ती आहे. आता आधी पहारेकऱ्याला विचारा. तो कवडसा, लोखंडी कठडा, मूर्तीच्या गुडघ्याला हात लावून काळी झालेली जागा, हे फ्रेममध्ये आलं की फोटो शिल्पाचा राहत नाही, शिल्पासमोर काय चाललंय त्याचा होतो. नुसता ब्लॅक अँड व्हाइट करून व्हिन्येट (कडा काळवंडणं) लावणं मात्र यात बसत नाही. ती जुनीच नोंद, फक्त रुसलेली.

कायद्याचं बोलायचं तर भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये छायाचित्र ही ‘कलात्मक कृती’ धरलेली आहे, तिच्यात कलागुण असोत वा नसोत. पण कृती मूळची असावी लागते, आणि ‘ईस्टर्न बुक कंपनी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी थोडीतरी सर्जनशीलता हवी असं म्हटलं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ‘ब्रिजमन’ खटल्यात सांगितलं, की कॉपीराइट संपलेल्या चित्राचा हुबेहूब फोटो मूळ कृती ठरत नाही. म्हणजे तुमची नोंद जितकी चोख, तितका तुमचा स्वतःचा दावा पातळ. चोख काम करणाऱ्याला हे टोचतं, पण त्यात चूक काही नाही. नोंदीचे पैसे कौशल्याचे घ्या, हक्काचे नाही.

रोजच्या कामात तीन गोष्टी आड येतात. हयात चित्रकाराच्या चित्राचा फोटो छापायला त्याची परवानगी लागते, आणि ही गरज त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहते. चौकात कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. रंगवलेल्या भिंतीचं नाव त्यात नाही, म्हणून उड्डाणपुलाखालच्या म्युरलचं कॅलेंडर करण्याआधी चित्रकाराला विचारा. आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, कलम १७ नुसार पैसे देणारा असतो. नंतर स्पर्धेला किंवा प्रदर्शनाला फोटो द्यायचा असेल तर कामाच्या आधीच एका ओळीत तसं लिहून घ्या.

नोंदीच्या फोटोखाली कलाकृतीचं नाव, कलाकार, माध्यम, आकार, फोटोची तारीख, दिव्याचा प्रकार आणि केलेली दुरुस्ती एवढं लिहा. तुमचं नाव शेवटी. स्वतःच्या फोटोखाली तुमचं नाव आधी, मग कोणत्या कलाकृतीवरून ते. स्पर्धेला पुन्हा पाठवाल तेव्हा दुसऱ्या प्रकारचेच पाठवा. चित्रकाराकडे मात्र कलर चार्ट घेऊन परत जा, त्याचं चित्र शेजारी ठेवून निळा तपासा आणि नवी फाइल तशी नोंद करून द्या. जुनी फाइल आधी कुणाकुणाला गेली असेल तर त्यांनाही कळवा.